पद्मिनी गरम होऊन थांबली की पेट्रोल ओव्हर होतंय: कार्बोरेटर बदलू की दुरुस्त करू?

टिळकवाडीकर

नमस्कार मंडळी. गाडी १९८४ ची प्रीमियर पद्मिनी, इंजिन मूळचंच १०८९ सीसी, कार्बोरेटर सोलेक्स. वडिलांनी घेतलेली, अजून घरातच आहे आणि महिन्यातून एकदा तरी निपाणीला जाऊन येते.

सकाळी थंड असताना एका सेल्फला सुरू होते. त्रास गरम झाल्यावर. निपाणीहून परत येताना वंटमुरीचा घाट चढून काकतीला चहाला थांबलो की पुन्हा सुरूच होत नाही. बॉनेट उघडलं की पेट्रोलचा उग्र वास, कार्बोरेटरच्या अंगावर ओल, प्लग काढले तर काळे आणि ओले. अर्धा तास थांबलं की धूर काढत सुरू होते. आणखी एक: दुपारच्या उन्हात नुसती उभी असली, इंजिन सकाळपासून बंद असलं, तरी पुढच्या बाजूने पेट्रोलचा वास येतो.

इथल्या एका गॅरेजमध्ये दाखवली. त्यांनी आयडलचे दोन्ही स्क्रू फिरवले, मेन जेट (पेट्रोल मापून सोडणारं बारीक भोक) एक नंबर लहान टाकला. आता चढावर गाडी ओढत नाही आणि ओव्हर होणं जसंच्या तसं. तेच म्हणतात, सोलेक्स काढा, मारुती ८०० चा कार्बोरेटर बसवून देतो. मला ते करायचं नाही. पण आग लागायची भीती वाटायला लागलीय. काय बघू?

उद्यमबाग लेथ

काका, आधी भीतीचंच बोलतो. पुढचं काहीही करण्याआधी बॅटरीची एक वायर काढा, गाडी सावलीत पण मोकळ्या हवेत लावा, हाताशी पावडरचा अग्निशामक ठेवा. पिवळा बल्ब लावलेली जुनी हँडलॅम्प वापरू नका, बॅटरीवरचा एलईडी टॉर्च घ्या. कार्बोरेटरवरून पेट्रोल खाली गरम एक्झॉस्टवर पडतंय का ते बघा. पडत असेल तर गाडी बाहेर काढायचीच नाही.

आता स्क्रूबद्दल. ते दोन्ही स्क्रू आयडलपुरते. एक थ्रॉटल किती उघडा ठेवायचा ते ठरवतो, दुसरा आयडलचं मिश्रण. बाऊलमध्ये, म्हणजे कार्बोरेटरमधल्या पेट्रोल साठणाऱ्या वाटीत, पेट्रोल किती उंच चढतं याच्याशी त्यांचा संबंध नाही. जेटचाही नाही. पेट्रोल ओव्हर होतंय म्हणजे पातळी मेन नोझलच्या (हवेच्या वाटेत पेट्रोल सोडणाऱ्या नळीच्या) तोंडापर्यंत चढतेय आणि तिथून आपोआप गळतंय. जेट लहान केला की चढावर पेट्रोल कमी पडतं, एवढाच फरक पडणार. तुमच्या गाडीत तेच झालंय. जुना जेट जपून ठेवलाय ना? तो परत लागणार आहे.

पातळी चढायला जागा मोजक्या. बाऊलमध्ये येणारं पेट्रोल अडवणारी नीडल व्हॉल्व्ह बंद होत नाही, तिला ढकलून बंद करणारा तरंगता फ्लोट जड झालाय किंवा अडकतोय, किंवा पेट्रोल इतक्या दाबाने येतंय की चांगली नीडलही ते धरू शकत नाही. चौथी गोष्ट पातळीची नाहीच, उष्णतेची आहे, तिच्यावर नंतर येतो.

उघडण्याआधी दोन गोष्टी करून बघा. दोन्हीला पैसे लागत नाहीत. त्या दोन्हींपुरती बॅटरीची वायर परत जोडावी लागेल.

एअर क्लीनर काढा. इंजिन गरम करून आयडलवर ठेवा आणि बाजूने, डोळे तोंडावर न आणता, व्हेंचुरीत (कार्बोरेटरच्या मधल्या अरुंद हवेच्या वाटेत) टॉर्च मारा. आयडलवर मेन नोझल कोरडा असला पाहिजे, कारण आयडलचं पेट्रोल थ्रॉटलच्या खालच्या भोकातून जातं. नोझलच्या टोकाशी थेंब तयार होऊन पडत असेल तर पातळी वर आहे, दुसरं काही शोधायची गरज नाही.

दुसरी: आयडलवर असतानाच पंपाकडून कार्बोरेटरला येणारी रबरी नळी पक्कडीला कापड गुंडाळून दाबून धरा. बाऊलमधल्या पेट्रोलवर इंजिन थोडा वेळ चालेल. बंद पडण्याआधी मध्येच आवाज गोड झाला, धूर कमी झाला, तर समजा की पातळी उतरता उतरता योग्य जागेवरून गेली. आधी जास्त होती.

चिकोडीची अँबेसिडर

माझं मत वेगळं आहे. हे सगळं नव्या पेट्रोलमुळे. २०२५ मध्ये इथेनॉलचं प्रमाण देशभर २० टक्क्यांवर गेलं. माझ्याकडे अँबेसिडर, एसयू कार्बोरेटर. त्यानंतर माझ्या गाडीतही फ्लोट चेंबरच्या ओव्हरफ्लो नळीतून ठिबकायला लागलं. आधी वर्षानुवर्षं काही नव्हतं. ऊस आपल्याच भागातला, इथेनॉलही त्याच्याच मळीचं, आणि त्रास आपल्याच जुन्या गाड्यांना.

उद्यमबाग लेथ

चिकोडीकर, इथेनॉलचा हात आहे, पण तुम्ही म्हणता तसा थेट नाही. इथेनॉल पेट्रोलपेक्षा जड असतं. जड द्रवात फ्लोट उलट थोडा जास्त वर तरंगतो आणि नीडल लवकर बंद करतो. शिवाय त्यात ऑक्सिजन असतो, त्यामुळे तोच जेट ठेवला तर मिश्रण पातळ होतं, घट्ट नाही. म्हणजे नुसत्या मिश्रणाने ओव्हर होऊ नये.

खरा त्रास दोन ठिकाणी होतो. जुन्या रबराचा. जुनी नळी, पंपाचा डायफ्रॅम (आतला लवचिक पडदा), नीडलच्या टोकाला रबर असेल तर ते, हे सगळं फुगतं, मऊ होतं, त्याचे कण सुटतात. आणि टाकीत वर्षानुवर्षं साचलेला राळेसारखा थर इथेनॉल सोडवतं. तो गाळ येऊन नीडलच्या सीटमध्ये बसतो. डोळ्यांना दिसणार नाही एवढा कण पुरतो. त्यात इथेनॉल पाणी ओढतं, गाडी उभी राहिली की बाऊलच्या तळाशी पांढरी पावडर धरते. जस्ताच्या ओतकामाला ते चांगलं नाही.

म्हणून नळ्या बदलताना दुकानदाराला नुसतं पेट्रोल पाइप द्या म्हणू नका. आतून व्हिटॉनचं (इथेनॉलला टिकणाऱ्या रबराचं) अस्तर असलेली, एसएई जे३० आर९ लिहिलेली नळी मागा. महाग पडते, पण परत बदलावी लागत नाही.

खानापूरकर

टिळकवाडीकर काका, मी चोर्ल्याच्या बाजूने बोलतो. गोव्याहून चोर्ला चढून कणकुंबीला थांबलं की माझी पद्मिनीही असंच करायची. तुम्ही म्हणताय थोडं थांबलं की सुरू होते. ही उष्णतेची खूण आहे, लेथवाल्यांनी जी चौथी गोष्ट म्हणून सोडली ती.

चालू असताना पंखा आणि येणारं गार पेट्रोल कार्बोरेटरला थंड ठेवतात. इंजिन बंद केलं की दोन्ही थांबतं, पण खालचं लोखंड तापलेलंच. पुढची दहा-पंधरा मिनिटं बाऊल तापत जातो. पेट्रोलमधला हलका भाग उकळतो आणि बुडबुडे पेट्रोल ढकलत मेन नोझलमधून मॅनिफोल्डमध्ये, म्हणजे कार्बोरेटरखालून सिलिंडरकडे जाणाऱ्या नळीत, सांडतात. तिथे पेट्रोलची वाफ भरून राहते. मग आपण चोक ओढून आणखी पेट्रोल घालतो आणि इंजिन पूर्ण बुडवतो.

सुरू करायची रीत अशी. चोक पूर्ण आत. एक्सलेटर हळूच तळापर्यंत दाबायचा आणि तिथेच धरून ठेवायचा. दाब-सोड अजिबात नाही, प्रत्येक दाबाला अ‍ॅक्सिलरेटर पंप नव्याने पेट्रोल फवारतो. मग सेल्फ. पूर्ण उघड्या थ्रॉटलने भरपूर हवा जाते, साठलेली वाफ बाहेर पडते, इंजिन पकडतं. पकडलं की पाय हलका.

कार्बोरेटरच्या खाली बेकेलाइटचा जाड स्पेसर आहे का बघा. गॅरेजवाले कार्बोरेटर उतरवतात आणि परत बसवताना तो टाकून नुसतं कागदी पॅकिंग लावतात, असं खूप गाड्यांत बघितलंय. तो स्पेसरच उष्णता अडवतो.

निपाणीचा मोटारवेडा

चोकबद्दल एक भर घालतो, कारण यात पुष्कळ जण फसतात. सोलेक्सच्या ज्या जातीत चोक म्हणजे वरची पाकळी नसून बाजूला फिरणारी चकती असते, तिथे डॅशबोर्डचं बटण आत गेलं म्हणजे चकती बंद झाली असं समजू नका. केबल गंजून मधेच अडकते. बॉनेट उघडून चकतीचा दांडा शेवटच्या ठोक्याला टेकतो का, हे हाताने बघा. अर्धवट उघडी राहिली तर गाडी दिवसभर जास्तीचं पेट्रोल पिते आणि माणूस फ्लोटला दोष देत बसतो. या चकतीला काम करायला थ्रॉटल बंद असावा लागतो, म्हणून थंड असताना चोक ओढून एक्सलेटर मारत राहिलं तर चोकचा उपयोगच होत नाही.

टिळकवाडीकर

आभार. रविवारी निवांत बसून बघितलं. चोकची चकती पूर्ण बंद होते. बेकेलाइटचा स्पेसर जागेवर आहे, तडाही नाही. आयडलवर नोझलच्या टोकाला थेंब येतोय, स्पष्ट दिसला. नळी दाबल्यावर इंजिनचा आवाज मध्येच सुधारला आणि मग बंद पडलं. अगदी तुम्ही लिहिलं तसंच. म्हणजे पातळी जास्तच आहे. आता कार्बोरेटरचं झाकण उघडू का?

उद्यमबाग लेथ

उघडा. झाकणाचे स्क्रू एकेक करून थोडे थोडे सैल करा, एकदम एक बाजू सोडू नका, झाकण वाकतं. खाली पांढरं कापड अंथरा म्हणजे पडलेला वायसर सापडेल.

फ्लोट कानाजवळ धरून हलवा. आत पेट्रोल हललं तर छिद्र आहे. आवाज आला नाही तरी खात्री धरू नका. घरात पाणी गरम करा, वाफ येईल इतकं पण उकळतं नाही, आणि ते भांडं अंगणात आणून त्यात फ्लोट बुडवून धरा. शेगडीजवळ हे करायचं नाही. आत पेट्रोल असेल तर त्याची वाफ होऊन छिद्रातून बुडबुड्यांची बारीक रांग निघते. सापडली की तिथे खूण करा. पेट्रोल पूर्ण निघेपर्यंत तापवा, वाळवा, आणि मगच कथलाचा डाग द्या. आत पेट्रोल असताना झाळायला गेलात तर फ्लोट फुटू शकतो. कथील अगदी टिकलीएवढंच. जास्त लावलं तर फ्लोट जड होतो आणि पातळी परत चढते, मग दुरुस्तीचा अर्थ उरत नाही.

मी फ्लोट ओळखीच्या सराफाच्या काट्यावर तोलतो. डाग देण्याआधी कोरडा, मग डाग दिल्यावर. फरक नगण्य हवा.

नीडल काढून टोक भिंगाने बघा. सीटला टेकतं त्या जागी गोल चरा दिसला, नखाला लागला, की ती नीडल संपली. घासून गुळगुळीत करायचा प्रयत्न करू नका, त्याने कोन बिघडतो. नीडल आणि सीट दोन्ही जोडीनेच बदलायचे. नव्या सीटवरचा नंबर जुन्याशी जुळवून घ्या.

बसवल्यावर तपासायला झाकण उलटं धरा, म्हणजे फ्लोटच्या वजनाने नीडल बंद होईल. इनलेटला स्वच्छ नळी लावून सायकलच्या पंपाने अगदी हळू हवा द्या. हवा अडली पाहिजे. फ्लोट बोटाने उचलला की सुटली पाहिजे. तोंडाने फुंकू नका, पेट्रोल पोटात गेलेलं चांगलं नाही.

चंदगडी

मध्येच विचारतो, माफ करा. एवढं करण्यापेक्षा इलेक्ट्रिक पंप लावला तर? आमच्याकडे एकाने लावलाय, गाडी लगेच सुरू होते.

उद्यमबाग लेथ

चंदगडी, तुमच्या मित्राच्या गाडीत कोणता पंप आहे ते आधी बघा. अशा जुन्या डायफ्रॅम पंपाचा दाब साधारण २ ते ४ पीएसआय (दाबाचं माप) असतो. नीडल तेवढ्याच दाबासाठी बनवलेली. इंजेक्शनच्या गाडीचा पंप ४० पीएसआयच्याही वर जातो. तो जुन्या कार्बोरेटरवर लावला तर फ्लोट कितीही चांगला असू दे, नीडल ढकलली जाणार आणि पेट्रोल बाहेर येणार. कमी दाबाचे इलेक्ट्रिक पंप मिळतात, पण मग इंजिन बंद पडल्यावर पंप बंद करणारं स्विच हवं. अपघातात इंजिन थांबलं आणि पंप चालूच राहिला तर काय होईल याचा विचार करा. मूळ पंपाला कॅमशाफ्ट फिरवतो. इंजिन थांबलं की तोही थांबतो. या एका गुणासाठी मी तोच ठेवतो.

चिकोडीची अँबेसिडर

हे पटलं. पंपाच्या डायफ्रॅमबद्दल लिहायचं राहिलं तुमचं. तो फाटला की पेट्रोल थेट ऑइलमध्ये उतरतं. काका, डिपस्टिक काढून वास घ्या. ऑइलची पातळी न भरता वाढली असेल, पातळ लागत असेल, पेट्रोलचा वास येत असेल, तर ते ऑइल तसंच ठेवून गाडी चालवू नका. बेअरिंगं जातील. ओव्हर झालेलं पेट्रोलही सिलिंडरच्या भिंतीवरून खाली तिथेच जातं.

टिळकवाडीकर

फ्लोटमध्ये काही नाही, गरम पाण्यात एकही बुडबुडा नाही. नीडलवर गोल चरा मात्र ठळक होता. कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरातून नीडल-सीटची जोडी आणि वायसर मिळाले. सायकल पंपाने तपासली, हवा अडते. आयडलवर नोझल आता कोरडा आहे. ऑइलला पेट्रोलचा वास होता, म्हणून ऑइल आणि फिल्टर बदलले. पंपाचा डायफ्रॅम नव्या किटमधून घातला. चिकोडीकरांचे विशेष आभार, ऑइलकडे माझं लक्षच गेलं नसतं.

वंटमुरी चढून काकतीला थांबवली, परत सुरू झाली. पण उन्हातला वास अजून आहे. दुपारी गाडी उभी केली, इंजिन पूर्ण गार, तरी तासाभराने वास. कार्बोरेटरच्या झाकणाच्या सांध्यात ओल दिसते. इंजिन तापलेलं नसताना हे का व्हावं?

गडहिंग्लजकर

काका, टाकीचं झाकण मूळचं आहे का? उन्हात उभी असताना झाकण उघडून बघा. फुस्स असा आवाज येतो का?

टिळकवाडीकर

झाकण मूळचं नाही. कुलूपवालं आहे, गाडीबरोबर बऱ्याच वर्षांपासून तेच आहे. उन्हात उभी करून आता उघडलं. जोरात आवाज आला आणि लगेच वासही आला.

गडहिंग्लजकर

मग सापडलं. मूळ झाकणाला किंवा टाकीला श्वास घ्यायला वाट असते. ती बंद असेल तर ऊन लागल्यावर टाकीतलं पेट्रोल आणि वाफ दोन्ही फुगतात, टाकीत दाब तयार होतो. पंपाच्या आतल्या दोन्ही झडपा टाकीकडून कार्बोरेटरकडेच उघडतात. म्हणजे इंजिन बंद असलं तरी तो दाब पेट्रोलला पुढे ढकलू शकतो. तुमच्या जुन्या नीडलने तो दाब कधी अडवलाच नसेल. नवी चांगली आहे, तरी उन्हाच्या दाबाला थोडं थोडं सोडतेय.

उलटही होतं. अशा झाकणाने गाडी लांब चालवली की टाकीत निर्वात होतो, पंपाला पेट्रोल ओढवत नाही आणि गाडी धक्के खात बंद पडते. झाकण उघडलं की परत ठीक. तेव्हा लोक पंप बदलतात, फिल्टर बदलतात.

झाकणाच्या आतल्या बाजूला श्वासाचं बारीक भोक असेल तर ते गंजाने बुजलं असेल. साफ करा. मुळातच भोक नसेल तर झाकण बदला. ड्रिलने स्वतः भोक पाडू नका, वळणावर पेट्रोल बाहेर येतं आणि पावसाचं पाणी आत जातं. आपल्याकडच्या जून-जुलैच्या पावसात तर टाकीत पाणी भरेल.

खानापूरकर

वा. मी इतकी वर्षं हे फक्त उष्णतेचं समजत होतो. माझ्या गाडीलाही कुलूपवालंच झाकण आहे. उद्याच बघतो.

टिळकवाडीकर

श्वास घेणारं झाकण बसवलं. कालच्या दुपारी घरापुढे उन्हात ठेवली होती, वास नाही, कार्बोरेटरच्या झाकणाचा सांधा कोरडा. जुना मेन जेटही परत टाकला, चढावर गाडी पुन्हा तिसऱ्यात ओढते. मारुतीच्या कार्बोरेटरचा विषय संपला.

एक शेवटचं. नव्या सीटबरोबर दोन जाडीचे वायसर आलेत. मी पातळ घातलाय. जाड घालावा का?

उद्यमबाग लेथ

या कार्बोरेटरमध्ये नीडल वरच्या झाकणात असते. जाड वायसर घातला की सीट खाली येते, नीडल लवकर बंद होते, पातळी उतरते. पातळ घातला की चढते. तुमचा नोझल आयडलवर कोरडा आहे आणि चढावर गाडी ओढतेय, म्हणजे पातळी बरोबर आहे. पातळच राहू द्या. जाडवाला डब्यात ठेवा. पुढे कधी वळणावर किंवा उतारावर पेट्रोलचा वास आला तर तो घालून बघा. जोरात वळवल्यावर गाडी मिस करायला लागली तर मात्र पातळी कमी आहे असं समजा.

आणि महिन्याभराने प्लग एकदा काढून बघा. काळी काजळी जाऊन फिकट तपकिरी रंग आला पाहिजे. तरीही काळेच राहिले तर ठिणगी पाडणाऱ्या यंत्रणेतलं पॉइंटचं अंतर आणि कंडेन्सर बघायचा. ठिणगी कमजोर असली तरी न जळलेलं पेट्रोल प्लगवर तसंच दिसतं.

चिकोडीची अँबेसिडर

काका, अभिनंदन. लेथवाले, माझ्या एसयूचं अजून ठिबकतंय. फ्लोट तपासला, ठीक आहे. चोक ओढल्यावर जेट खाली येतो तो परत वर जाताना अडकतोय असं वाटतंय. वेगळा धागा काढून फोटो टाकतो, तिथे बघा.

उद्यमबाग लेथ

टाका. फोटो काढताना चोक पूर्ण आत ठेवा, आणि जेटचा खालचा नट व त्याचा दांडा दोन्ही दिसू देत.